कापलेली पट्टी

माझ्या ताईचं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे. तळ्यावरच्या सूर्योदयाचा एक फोटो मोठा छापून तिच्याकडे दिला होता. संध्याकाळी तिचा फोन आला.

"छान आलाय रे. खाली तुझी सावली आली होती, तेवढी पट्टी कापून टाकली."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं मी उगवता-मावळता सूर्य टिपतोय आणि ही मला शिकवणार!

"अगं, सूर्य समोर असला की सावली मागे पडते. ती फोटोत येईलच कशी?"

"ते मला नको सांगूस. टोपी, खांदे, वर उचललेली कोपरं, सगळा तूच होतास. पाण्याकडे चालत निघाल्यासारखा."

"चष्म्याचा नंबर तपासून घे," म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी स्टँड लावला. सूर्य झाडांच्या वर आला, तळं तांबूस झालं, आणि मी उगाचच, अगदी उगाचच, मागे वळून पाहिलं. गवतावर स्टँडच्या तीन पायांची लांबच लांब सावली पडली होती. वर कॅमेऱ्याचीही होती. शेजारी माझी पडायला हवी होती, तिथे गवत नुसतं उन्हात चमकत होतं. मी हात हलवला. टोपी काढली. गवतावर काहीच हललं नाही.

तिथूनच ताईला फोन लावला.

"ती कापलेली पट्टी कुठेय?"

"सकाळी सकाळी हे काय विचारतोस? केरात टाकली. कचऱ्याची गाडी आत्ताच गेली की."