शिंप्याची बायको

भासांची तीव्रता शून्य ते सहा गुणांत मोजणारी एक नवी प्रश्नावली रुग्णालयात आली होती, आणि ती कितपत भरवशाची आहे हे पाहण्याचं काम मोठ्या डॉक्टरांवर व त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरीणबाईंवर सोपवलेलं होतं. रुग्णासमोर दोघांनी एकत्र बसायचं, गुण मात्र एकमेकांना न दाखवता द्यायचे. ते इतके जुळत की सर म्हणायचे, "आपल्यातलं एक जण घरी बसलं तरी चालेल."

मग सुनेचा हात धरून तो म्हातारा शिंपी आला. बायको गेल्यापासून तिचा आवाज ऐकू येतो म्हणून त्याच्यावर उपचार चालू होते. सगळं नेहमीसारखं पार पडलं. पण आवाजांच्या प्रश्नाला सरांनी शून्य दिलं होतं आणि तरुण डॉक्टरिणीने सहा.

"अगं, तो सरळ नाही म्हणाला," सर म्हणाले.

"नाही कसं, सर? ती शिलाई मशीनपाशी येऊन बसते, सुईत दोरा ओवून मागते, सगळं सांगितलं की."

सरांनी वाद घातला नाही. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण लावलं. शिंपी स्वच्छ शब्दांत म्हणाला, "नाही, आता काही ऐकू येत नाही." मग खुर्ची करकरली आणि डॉक्टरिणीचा स्वतःचा आवाज आला, अगदी मायेने विचारणारा: "बरं, आणि मग?" पुढे नुसती शांतता. मध्येच ती हलकेच हसली. पुन्हा शांतता.

"तू गप्प का बसलीस, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं," सर तिच्याकडे न बघता म्हणाले.

ती तडक बाहेर गेली. शिंपी बाकावर टेकला होता. सून औषधं आणायला गेली होती.

"आजोबा, मघाशी तुम्ही मला आजींबद्दल काही सांगितलंत का?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. मग तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"गोळ्या सुरू झाल्यापासून माझ्याशी बोलत नाही ती," तो म्हणाला. "रागावली आहे का, एवढं विचाराल?"

आजोबा, असं काही नसतं, हे सांगायला तिने तोंड उघडलं. पण तिची मान आपोआप मागे वळली होती, आणि ती उत्तराची वाट बघत होती.