निळ्या जिभा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुनेने कोंबड्यांच्या शेडमागच्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले आणि ब्लीचिंग पावडरचा भपकारा तिच्या नाकात गेला.

"आई! टाकीत काय टाकलंत?"

"पावडर. लख्ख केली की नाही? तूच म्हणतेस, रोग आलाय, स्वच्छता ठेवा." सासूचा चेहरा कौतुकाची वाट बघत होता.

सुनेने झाकण दाणकन आपटले. शेजारच्या शेडमध्ये परवापासून मानमोडी लागली होती. माना वाकड्या होऊन कोंबड्या पटापट मरत होत्या. इथल्या दोन हजार पिल्लांना आज पाण्यातून लस पाजायची होती. त्यांना चांगली तहान लागावी म्हणून पहाटेपासून पाणी बंद होते. पण लशीतला विषाणू जिवंत असतो. ब्लीचिंगच्या पाण्यात तो जागीच मेला असता.

"म्हणजे मी घोळ घातला?"

"घातलात. आता बादली उचला."

"तुझ्या सासऱ्यांनीही मला कधी असं सुनावलं नाही!"

"त्यांनी कोंबड्या कुठे पाळल्या?"

सासूला हसू फुटले. दोघी विहिरीवर धावल्या. रस्त्यावरून दूधवाल्याने विचारले, "येऊ का हात लावायला?"

"फाटकाच्या आत पाऊल टाकू नका, भाऊ!" सून ओरडली. तो शेजारच्या शेडवरूनच आला होता.

साडेआठला सुनेने ताज्या पाण्यात लस टिकावी म्हणून दूध पावडर ढवळली, बर्फातल्या लशीच्या कुप्या पाण्याखाली धरून उघडल्या, निळा रंग मिसळला. भांडी ठेवताच पिल्लांची झुंबड उडाली.

"पितायत गं, पितायत! ती लबाड बघ, दुसरीच्या डोक्यावर चढली!"

तासाभराने दोघी पिल्ले धरून चोची उघडू लागल्या. जीभ निळी म्हणजे लस पोटात.

"निळी!"

"ही पण निळी!"

"अगंबाई, ही पांढरी!"

"द्या इकडे, हिला वेगळं पाजते."

शंभर तपासली, शहाण्णव निळी निघाली. सासूने पोरीसारखी उडी मारली.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला शेडमधून शिंका ऐकू आल्या. सुनेने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"लशीनेही येतात शिंका," ते म्हणाले.

"आणि रोगाने?"

"रोगानेही, पण मग पिल्लं मरायला लागतात. नमुना न्यायला येतो. तोवर कुणाला आत सोडू नका."

दुपारी नमुना गेला, निकाल अजून यायचा होता. संध्याकाळी सातला सासू कान देऊन शेडच्या जाळीशी उभी होती. शिंका चालूच होत्या. तोवर एकही पिल्लू मेले नव्हते.