वांग्याला पावलेली कफनी

वाटूरजवळच्या आमच्या गावात त्या सकाळी अख्खं गाव एका वांग्याच्या झाडाला हात जोडून उभं होतं. कुणी कुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला. एकानं तर झाडाला विचारलं, आमची हरवलेली शेळी कोणीकडं गेली? झाड काही बोललं नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

झालं होतं असं. निजामाच्या राज्यातला तो जानेवारी फार कडाक्याचा निघाला. रात्री हिव पडलं, पानांवरचं दव गोठून पांढरं झालं आणि गावच्या कारभारींच्या परसातला वांग्यांचा खालचा वाफा जळून काळा पडला. मधोमध एकच झाड हिरवंगार! पावसाळ्यापासून मारुतीच्या देवळात मुक्कामाला असलेल्या धुनीबाबानं आदल्या दुपारी त्याच झाडावर धुतलेली कफनी वाळत घातली होती आणि तिथंच विसरला होता.

"कफनी पावली!" कारभारी ओरडले, आणि मग गावाला आवरतो कोण?

मी गावचा शाळामास्तर, कारभारींच्याच घरी एका खोलीत राहायचो. म्हणालो, "अहो, झाड झाकलेलं होतं म्हणून वाचलं." सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू हिव मीच पाडलं.

बाबाला तर हातात कोलीतच मिळालं. "ही कफनी बारा वर्सं हिमालयात तापलेली हाय!" तो गरजला. हिमालयात तापलेली! "एकेका झाडाला हिचा एकेक दोरा बांधा. थंडीचा बाप आला तरी हात लावायचा न्हाई. दक्षिणा बिलकुल नको. फकस्त घरातल्या गोधड्या आणून टाका. त्यातली ऊब मी ओढतो आन् दोऱ्यात भरतो. पर दोऱ्यावर काही झाकू नका, दोरा गुदमरतो!"

दुपारपर्यंत गावातल्या गोधड्या देवळात गेल्या. कारभारींनी सात दिल्या. सातवी माझी होती, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. माझं डोकं असं तापलं की त्या दिवशी मला गोधडीची गरजच नव्हती.

संध्याकाळी कारभारींच्या पत्नी, उषावहिनी, रडवेल्या होऊन माझ्याकडं आल्या. "मास्तर, परवा भोगी. लेकीच्या सासूबाई पहिल्यांदा जेवाया येऊन राह्यल्या. मी दिवाळीत मोठ्या तोंडानं सांगून बसले, भोगीच्या भाजीत वांगं माझ्या परसातलंच राहील. आता वरचा एकच वाफा उरला. तोबी जळाला तर माझं नाक गेलं ते गेलं, पोरीला वर्षभर टोमणे खावं लागतेल. काय करू सांगा!"

मी कारभारींना म्हणालो, "निम्म्या झाडांना दोरा बांधा, झाकू नका. निम्मी मी झाकतो, दोरा नको. सकाळी बघू."

"बराबर!" कारभारी मिशीत हसले. "मास्तर, उद्या तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई तुम्हाला."

आता झाकायचं कशानं? गोधड्या तर गेल्या. वहिनींनी दुरड्या काढल्या, गोणपाट काढलं, फुटकं घमेलं, जुनं लुगडं. मी माझं धोतर दिलं. तरी एक झाड उरलं, तेव्हा गोठ्यातल्या म्हशीची झूल आली. काठ्या रोवून कापडं पानांपासून वर धरली, कडा जमिनीला टेकवून दगड ठेवले. जत्रेतली पालं पडावीत तसा वाफा दिसायला लागला. लोक पोट धरून हसले. मी शाळेची सतरंजी पांघरून झोपलो.

सकाळी दोऱ्याची झाडं काळीठिक्कर! दुरड्या उचलल्या तर खाली हिरवी पानं, टपोरी वांगी. झुलीखालचं झाड तर सगळ्यांत टवटवीत. कारभारी डोळे फाडून बघत राहिले, मग धावत गोठ्यात गेले आणि म्हशीपुढं लोटांगण! "म्हशीत देव हाय हो!" दोघी बाया हार घेऊन आल्या. म्हशीनं हार खाल्ला. मी कपाळावर हात मारून घेतला.

बाबा आला. "दोरा ढिला बांधला तुम्ही. श्रद्धा कमी पडली."

उषावहिनींनी ऐकून घेतलं नाही. "माझ्या गोधड्या द्या," म्हणत त्या तरातरा देवळाकडं निघाल्या आणि आम्ही सगळे मागं. देवळामागं बाबाचा दुध्या भोपळ्याचा वेल होता. त्या वेलावर गावभरच्या गोधड्या नीट अंथरलेल्या, कडेनं दगड. दोरा एकही नाही!

"बाबा," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या वेलाला दोरा काहून बांधला न्हाई?"

बाबा चाचरला. "त्यो... त्यो वेल संन्यासी हाय."

कारभारीसुद्धा खो खो हसले. दुपारच्या आत बाबानं परतूरचं स्टेशन गाठलं. कफनी मागं राहिली, ती आम्ही झाडं झाकायला ठेवली. कापड म्हणून ती वाईट नव्हती.

मग मी सगळ्यांना सांगितलं ते एवढंच. दिवसा जमीन उन्हानं तापते. रात्री आभाळ मोकळं असलं की ती ऊब वर निघून जाते आणि झाडं गारठतात. आडोसा असला की तीच ऊब झाडापाशी राहते. मग ती कफनी असो, दुरडी असो की झूल. ऊन आलं की झाकण काढायचं.

भोगीला विहीणबाई गोजरबाईंनी भाजी तीनदा घेतली. "एवढ्या हिवात वांगी कोण्या देवानं राखली म्हणायची?"

उषावहिनी बाजरीची भाकरी वाढत म्हणाल्या, "देवाला कशाला तरास, विहीणबाई? मी झाकली व्हती." दाराआडून लेक हसली.

बाबांनो, तुमच्या गावातही कुणीतरी दोरा घेऊन येईलच. त्याच्या पाया पडायच्या आधी त्याच्या वेलावर काय पांघरलंय, तेवढं बघून या.