करंट जातो कुठं?

नेत्राच्या हळदीला माहेरी, वळ गावाला, जायचं ते मोटारसायकलवरूनच, असं हौसाने जाहीर केलं आणि घरातले सगळे तिच्याकडे बघत राहिले. नेत्रा तिची सख्खी भाची. पण दारात कार उभी असताना साठीच्या आईने बाबांच्या मागे बसून जावं, हे मितेशला काही पटेना.

"आई, रस्त्याला कंटेनर किती असतात ते बघितलंस ना? आणि बाबांच्या गाडीचा हॉर्नसुद्धा वाजत न्हाय."

खोटं नव्हतं ते. दिवाळीला नवी बॅटरी टाकली होती, ती महिन्याभरातच बसली. चार्ज करून आणली, पुन्हा बसली. किक मारली की गाडी सुरू व्हायची, पण इंडिकेटर डोळा उघडेना आणि पुढचा दिवा नुसता मिणमिणायचा.

"बाबा बघतील," हौसा म्हणाली.

बाबा म्हणजे हौसाचा नवरा चिंधू, तो ओट्यावर बसला होता. त्याची सगळी हयात टेमघरच्या एका लूम कारखान्यात गेली, जॉबर म्हणून. माग बंद पडला की चिंधूला हाक. दोन वर्षांपूर्वी शेठने माग भंगारात काढले आणि त्या दिवसापासून चिंधूने पाना हातात धरला नव्हता. घरातला मिक्सर बिघडला तरी म्हणायचा, "मितेश बघंल." हौसाला ते सलायचं. हळद हे तिचं निमित्त होतं.

शनिवारी सकाळी तिने माळ्यावरची हत्यारांची पिशवी उतरवली, धूळ झटकली आणि व्होल्ट मोजायच्या मीटरसकट त्याच्यापुढे आणून ठेवली. चिंधूने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग उठला आणि गाडीचं साइड कव्हर उघडलं.

मीटरच्या वायरी बॅटरीला लावल्या. आकडा बारा व्होल्टच्या थोडा वर. किक मारली आणि हौसाकडे बघून मूठ हवेत पिळली. तिने रेस दिली.

ही खूण लूममधली. हौसा तिथे सुताच्या कांड्या भरायला होती. मागांच्या खडखडाटात बोललेलं कानावर पडायचंच नाही. सगळा कारभार हातांच्या आणि ओठांच्या खुणांवर. जेवणाच्या सुट्टीत चिंधू कारखान्यामागे हीच गाडी उघडून बसायचा. तेव्हा मीटर कुठला? वायरीला जोडलेला छोटा बल्ब हौसाने धरायचा. रेस दिली की बल्ब लखलखायचा आणि त्या उजेडात नवऱ्याचं काळवंडलेलं तोंड हसायचं. कपाशीच्या तुसाचा वास, डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी, दोघांमध्ये एकच पेला पाणी. हौसाला ते दिवस इतके जवळ वाटले की तिची मूठ सुटायला आली.

"धर, धर! सोडू नको," चिंधू ओरडला.

आकडा बारावरच अडला होता. "चौदाच्या जवळ जाया पाहिजे. बॅटरीला करंटच पोचत न्हाय."

"कॉइल गेली असंल?"

"बघू." इंजिनातून आलेल्या वायरीवर त्याने मीटर धरला, दुसरं टोक इंजिनाला टेकवलं. रेस वाढवली तसा आकडा वर चढला. कॉइल ठणठणीत होती. मग शंका रेग्युलेटरवर. कॉइलचा करंट बॅटरीच्या मापात आणून देणारी ती डबी. शेजारच्या भावेशकडे याच जातीची गाडी होती. त्याची डबी काढून जोडून बघितली. काही फरक नाही. चिंधू टेकून बसला आणि विडी न पेटवता नुसती तोंडात धरली. कारखान्यात अवघड माग अडला की तो असाच बसायचा.

"करंट निघतो, डबीतून जातो, मग परत येताना अडतो कुठं?" तो स्वतःशीच बोलला आणि झटकन उठला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाला. "दे रेस."

शून्य यायला हवं होतं. आकडा उड्या मारत होता.

"अर्थिंग!"

टाकी उतरवली. खाली करंट परत नेणारी अर्थिंगची वायर चेसीला बोल्टने आवळलेली होती, घट्ट. पण बोल्टखाली चेसीवर लालभडक, गुळगुळीत रंग. दसऱ्याला मितेशने बाबांसाठी गाडी नव्यासारखी रंगवून आणली होती. रंगवणाऱ्याने बोल्टची जागाही सोडली नव्हती. लोखंडाला वायर टेकतच नव्हती.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गाडी घरी आणताना मितेशचा चेहरा कसा फुलला होता, ते दोघांनाही आठवत होतं.

चिंधूने पॉलिश पेपरने बोल्टखालचा तेवढाच रंग खरवडला, वायर आवळली, टाकी बसवली. रेस देताच आकडा चौदापाशी गेला. तेवढ्यात मितेश बाहेर आला.

"काय होतं, बाबा?"

"वायर ढिली झालेली," चिंधू म्हणाला.

हौसाने पदराला हात पुसले.

दुपारी दोघं वळ गावाला निघाले. हौसाने हिरवी नऊवारी नेसली होती. गोडाऊनच्या भिंती संपता संपत नव्हत्या. पूर्वी इथे भातशेती होती, बांधाबांधाने येताना तिच्या बापाचं घर लांबून दिसायचं. आता ट्रकांच्या रांगेत तिला आपलं गाव कुठून सुरू होतं तेही उमगेना. इतक्यात चिंधूने एका गोडाऊनच्या गेटासमोर गाडी थांबवली.

"काय झालं?"

"इथंच आंबा होता. इथं उतरायचीस तू. बापाम्होरं नवऱ्याच्या मागं बसून जायाची लाज वाटायची तुला. मी हळूहळू गाडी ढकलत तुझ्यासंगती चालायचो."

हौसा गेटाकडे बघत राहिली. आंब्याच्या जागी वॉचमनची केबिन होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं.

"उतरतेस?"

"आता कोण हाय बगाया?" ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. हळद सुकंल."