मंगलीचे सहा हात

मी एक बांबू बोलतोय. रानातल्या माझ्या बेटाची शपथ, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. बांबू आतून पोकळ. आमच्या पोटात खोटं राहतच नाही. म्हणजे, राहतं थोडंसं. पेरात अडकून.

ब्रह्मपुरीजवळच्या रानात मी वाढलो. इतका उंच, की घारी माझ्या शेंड्याला वळसा घालून जायच्या. छप्पन साली मंगलीनं मला तोडलं. ती टोपल्या, सुपं विणायची आणि जुन्या बाजारगल्लीत नानाजी किराणेवाल्याच्या ओट्याखाली बसून विकायची.

गल्ली तेव्हा म्हातारी झाली होती. जो तो दुकानदार दरवर्षी आपला ओटा वीतभर पुढे सरकवायचा. समोरासमोर दोन बंड्या आल्या की बैलांची शिंगं अडकायची आणि गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे. शेवटी धानाच्या बंड्या स्टेशनाकडेच वळू लागल्या. दुकानदार दिवसभर माश्या मारत बसले.

मग गल्ली रुंद करायला ओव्हरसियरसाहेब आले. नानाजीच्याच ओट्यावर त्यांनी नकाशा पसरला. ओटे मागे, दुकानांना लागून नाल्या, मधे अठरा हात रुंद रस्ता, रस्त्याच्या कडेला दगड.

"माहा ओटा गेला तं मी बसू कुठी?" नानाजी कळवळला.

"दुकानात बसा की!"

मंगली नकाशावर वाकली. "साहेब, याच्यात मी कुठी आहो?"

साहेब गडबडले. "खाली बसणाऱ्यांना ढोरबाजारामागे जागा दिली आहे, बाई."

"तिथी टोपलं कोन घेईन? बैल?"

सगळे हसले. मंगली हसली नाही.

ओटे निघाले, नाल्या खोदून झाल्या. रस्ता आखायच्या दिवशी साहेबांची मोजणीची साखळी चांद्याला दुरुस्तीला गेलेली. "सहा हातांचा सरळ बांबू दे," ते मंगलीला म्हणाले. तिनं मला कोपरापासून बोटापर्यंत मोजलं आणि कोयतीनं छाटलं. आता मंगली पडली बुटकी, हात आखूड. तिचे सहा म्हणजे साहेबांचे पाच.

समोरच्या नालीपासून मला तीनदा आडवं टाकलं, चुन्याची रेघ मारली, रेघेवर दगड बसले. पाहतात तर नानाजीच्या नालीपर्यंत तीन हात जमीन उरलेली!

साहेबांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. मग मला उचलून आपल्या हातानं मोजलं.

"मंगलीबाई, हा पाचच हात आहे!"

"सहा आहे, साहेब. माह्या हातानं."

"माझ्या हातानं हवा होता!"

"मंग तुमीच तोडाचा होता!"

एवढं बोलून ती त्या उरलेल्या पट्टीवर टोपल्या मांडून बसलीसुद्धा. गडी म्हणाले, दगड उपटून सरकवतो. साहेब तिच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हात आखूड आहे खरा," ते म्हणाले. "राहू द्या." आणि शिसपेन्सिलीनं नकाशावर एक बारीक पट्टी काढली.

आता दोन बंड्या सुखानं जातात, धान गल्लीत परत आलं. पट्टीवर चारोळीवाल्या बसतात, भाजीवाल्या बसतात. टोपलं घेणारी बाई वळून नानाजीकडून मीठही नेते. त्यामुळे तोच रोज पट्टी झाडतो आणि वर म्हणतो, "मंगलीबाई, सरकून बस, ऊन लागून राह्यलं ना तुले!"

तिच्या डोक्यावर सावलीचं फडकं आहे. ते धरून मी उभा आहे. बुंध्याला वाळवी लागली. फार दिवस नाहीत माझे. उद्या कुणी दुसरी गल्ली मोजायला निघालं, तर बांबू तिथं खाली बसणाऱ्या बाईकडूनच कापून घ्या, एवढंच मागणं.

आणि जाता जाता पेरात अडकलेलं काढून टाकतो. घारींचं खरंच आहे. पण मंगलीचा हात आखूड नव्हता. साहेबांच्या हाताएवढाच होता. पाचावर थांबून ती मोठ्यानं "सहा" म्हणाली होती.

आणि साहेबांना ते दिसलं होतं.