मॅडमच्या शब्दांत

शैलजाने फळ्यावर ‘कूलिंग टाइम वाढवणे’ असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि म्हणाली, "छान, गोकुळ."

मशीनवरच्या गोकुळने मान डोलावली आणि तो खिडकीतून रांधा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत बसला. तो म्हणाला होता, गरम झाकणं एकावर एक रचू नका. हे वेगळंच होतं. झाकण साच्यात जास्त वेळ ठेवायचं म्हणजे माल निम्मा निघणार, हे सगळ्यांना ठाऊक. पण मॅडमनी लिहिलं म्हणजे विषय संपला.

सिल्वासातल्या त्या कारखान्यात स्विचच्या डब्यांची झाकणं बनत आणि हल्ली स्क्रू आवळला की तडकत. एक लॉट परत आला होता. दुसरा आला तर ही लाइन वापीला हलणार आणि इथल्यांचं काम जाणार. म्हणून मॅनेजर शैलजाने ही बैठक सुरू केली. ज्याला जे सुचेल ते बोला, असं ती अगदी मनापासून म्हणे. फक्त दुसऱ्याचं बोलणं नीटनेटकं केल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे.

"अजून कुणाला काही? दुर्गा?"

पॅकिंगची दुर्गा ओढणीशी चाळा करत म्हणाली, "तुम्हीच लिहा ना, मॅडम. आम्ही काही बोललो तरी शेवटी ते तुमचंच होऊन जातं."

इंजिनिअर सुमितने घाईघाईने मोबाइलमध्ये डोकं घातलं. शैलजाला राग आला. मुलगी खोटं बोलत नाहीये, हेही कळलं. तिने ओळ पुसली आणि मार्कर गोकुळपुढे धरला.

"तू लिही. म्हणालास तसंच."

गोकुळने लिहिलं. मग ती गरम झाकणं ठेवायची कुठे, हे शैलजाच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"पण ठेवशील कुठे? जमिनीवर?" दुर्गाने विचारलं.

"मंग तू सांग."

"रचली की खालची दबून वाकतात रे, म्हणून तर तडकतात. उभी ठेव, ताटाळ्यात ताटं ठेवतो तशी."

"पडतील ना."

"मध्ये सळ्या लावू," सुमित म्हणाला. "स्टोअरमध्ये पडल्यात."

"चल, अभी के अभी करून बघू," गोकुळ उठलाच.

खुर्च्या सरकल्या. तिघं वाद घालतच बाहेर पडले. ‘चला मॅडम’ असं कुणी म्हणालं नाही. शैलजाला आनंद झाला, आणि थोडं लागलंही.

दुर्गा दारातून डोकावली.

"मॅडम, हात रिकामे असतील तर या. सळ्या धरायला माणूस हवाय."