काळ्या कुईच्या कानामागे

मी एक जुनी पिसू आहे. जुनी म्हणजे दोन महिन्यांची. आमच्यात एवढे वय पुष्कळ झाले. माझ्या डोक्यावर काट्यांची कडक टोपी आहे. केसांत रुतून बसायला ती उपयोगी पडते. अँडीजच्या कुरणातल्या एका उंदरावर मी वाढले. उंदीर मेला, अंग गार पडले, तशी मी गवतात उतरले आणि त्या गवताच्या भाऱ्याबरोबर सातुर्निनाच्या स्वयंपाकघरात आले. तिथे चुलीजवळ कुई, म्हणजे गिनीपिग, मोकळ्या फिरतात.

आठवड्यात तीन कुई मेल्या. भारा आणला होता नणंदेने, एर्मेलिंडाने. तेव्हापासून सातुर्निना तिने दिलेला बटाटाही हुंगून घेई. मला मात्र माझाच संशय होता. त्या उंदराच्या रक्तातून मी काय घेऊन आले, हे मला कुठे माहीत?

मग सातुर्निनाची लेक यादिरा खेचरावरून पडली आणि धसकली. वैदू नेमेसियोबाबा आले. पोटातली भीती काढायला काळी कुई उघड्या अंगावरून फिरवतात. मी त्या कुईच्याच कानामागे होते. कान तापला होता.

"वहिनी, ही नको," एर्मेलिंडा म्हणाली. "सकाळपासून हिनं पात्याला तोंड लावलं नाही."

"तुमचंच गवत बाधलं असेल, वन्सं!"

"बाधलं असेल. म्हणूनच म्हणते, पोरीला लावू नका."

"बघा बाबा, माझ्या पोरीला बरं वाटलेलं यांना खपत नाही."

"भांडा सावकाश," बाबा म्हणाले, "माझा हात भरून आलाय."

यादिराचा सदरा वर गेला. तिच्या पोटाची ऊब मला लागली. मी उडीसाठी पाय दुमडले, तोच एर्मेलिंडाने फडक्यात धरून कुई हिसकली, पोत्यात घातली आणि तोंड आवळून बांधले.

"चोरटी!" सातुर्निना पोते ओढू लागली. ओढाओढीत तिच्या हाताला आतली कुई लागली. ती हलत नव्हती. सातुर्निनाने पोते सोडले. नणंदेकडे न बघता तिने राखेने हात खसखसून धुतले, चुलीत लाकडे सारली आणि पोत्यावर ओतायला पाण्याचा मोठा हंडा चढवला.

मित्रांनो, आता मी पोत्याच्या शिवणीत बसले आहे. कुई गार होते आहे. मी दोषी आहे का, मला अजून ठाऊक नाही. तरी आपोआप मेलेल्या जनावराला उघड्या हाताने शिवू नका, आणि माझी गय करू नका.

पाणी उकळले आहे. बाहेर सातुर्निना म्हणते आहे, "वन्सं, हंडा एकट्या उचलू नका. भाजाल. थांबा, मी धरते."